वेदनेचे मोजमाप : औषधशास्त्रातील विद्यार्थी-प्रबंधांची एक समीक्षा

१

पदवीसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतील प्रबंधांची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली की तिची चार परीक्षणे येतात, कवितासंग्रहावरून वाद होतात. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर राबून आणि तीस-चाळीस मुक्या प्राण्यांचा जीव खर्ची घालून सिद्ध केलेला प्रबंध परीक्षकाची सही झाली की ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडतो. त्यात कोणता प्रश्न विचारला गेला, कोणते उत्तर दिले गेले आणि ते उत्तर देण्याइतका पुरावा हाती होता काय, याची विचारपूस मौखिक परीक्षेनंतर सहसा होत नाही. वास्तविक प्रबंध हाही एक लेखनप्रकारच आहे. त्याला स्वतःचे संकेत आहेत, स्वतःची भाषा आहे, आणि इतर कोणत्याही लेखनप्रकाराप्रमाणे संकेतांच्या आहारी जाऊन निर्जीव होण्याचा धोका त्यालाही आहे. नव्या औषधांच्या, विशेषतः नव्या वेदनाशामकांच्या, शोधासाठी विद्यार्थी जे प्रबंध लिहितात त्यांचा या दृष्टीने विचार करणे हा येथील हेतू आहे. कोणा एका विद्यार्थ्याच्या अथवा संस्थेच्या प्रबंधाचे हे परीक्षण नव्हे. विचार करावयाचा आहे तो सर्वत्र रूढ झालेल्या साच्याचा.

सोलापुरात हा विषय केवळ विद्यापीठीय राहत नाही. येथे १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचीही सोय झाली. परंतु ज्या शहरात या प्रयोगशाळा उभ्या आहेत ते शहर अंगमेहनतीचे आहे. यंत्रमागापाशी पाळीभर उभा राहणारा विणकर आणि मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळणारी स्त्री ही येथील नित्याची दृश्ये होत. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे तर विडी कामगारांची हजारो घरांची वसाहत उभी आहे. या माणसांची मान, पाठ, बोटे आणि गुडघे दुखतात, आणि ते दुखणे आठवड्याने बरे होणारे नसते. कामावर जाण्यापूर्वी दुकानातून एक सुटी गोळी घ्यावी आणि दिवस काढावा, हा त्यांच्यापैकी अनेकांचा उपचार होय. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठरास व मूत्रपिंडास इजा होते, हे वैद्यकास पक्के ठाऊक आहे. तेव्हा निर्धोक वेदनाशामक शोधण्याचा संकल्प ज्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर सोडलेला असतो, तो प्रबंध या माणसांच्या दुखण्याच्या किती जवळ जातो, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

२

या प्रबंधांचा साचा आता इतका स्थिर झाला आहे की, वाचणाऱ्यास पुढचे प्रकरण आधीच सांगता यावे. प्रारंभी आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेची १९७९ सालची किंवा २०२० साली सुधारलेली व्याख्या दिलेली असते. वेदना हा केवळ शारीरिक संवेदनेचा विषय नसून तो भावनेचाही अनुभव आहे, असा त्या व्याख्येचा आशय. त्यानंतर प्रचलित औषधांचे दोष येतात. मग वनस्पतीचे वर्णन येते आणि तिचा उपयोग 'प्राचीन काळापासून' होत असल्याचे सांगितले जाते. पाला सावलीत वाळविला, दळला, मद्यार्कात त्याचा अर्क काढला. उंदरांचे सहा-सहांचे गट केले. एका गटास नुसते पाणी, एकास ज्ञात औषध, उरलेल्यांस शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे २०० व ४०० मिलिग्रॅम अर्क पाजला. उंदीर तापलेल्या पट्टिकेवर ठेवून ते किती सेकंदांनी पंजा चाटतात हे मोजले. शेवटी तीन विधाने येतात : अर्काचा परिणाम लक्षणीय आहे, परंपरेने मानलेला उपयोग त्यामुळे सिद्ध झाला, अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.

या तीन विधानांतील पहिले गणिताचे आहे, दुसरे इतिहासाचे आणि तिसरे शिष्टाचाराचे. पहिले विधान पुष्कळदा खरे असते. दुसरे बहुधा खरे नसते. तिसऱ्यात कोणते संशोधन, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, याचा उल्लेख नसल्यामुळे ते खरे की खोटे हे ठरविताच येत नाही. भाषेच्या अंगाने पाहिले तरी हेच आढळते. 'दिसून आले', 'नोंदविण्यात आले', 'सूचित होते' अशा कर्ताहीन क्रियापदांच्या आड विद्यार्थी इतका दडून जातो की, कोणी पाहिले, कोणी मोजले आणि मोजणाऱ्यास कोणता उंदीर कोणत्या गटातील हे माहीत होते काय, हा साधा प्रश्नही वाचकाच्या मनात उभा राहू नये.

३

प्रथम मोजमापाचा विचार करावयास हवा. तप्त पट्टिकेची कसोटी वुल्फ आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९४४ साली मांडली, आणि १९५३ साली एडी व लाइम्बाख यांच्या कार्यामुळे ती सर्वत्र रूढ झाली. पट्टिकेचे तापमान साधारणतः ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात आणि प्राण्यास भाजू नये म्हणून ठराविक सेकंदांनंतर त्यास उचलून घेतात. मॉर्फिनसारख्या, मेंदू व मज्जारज्जू यांवर कार्य करणाऱ्या औषधांची परीक्षा या कसोटीने चांगली होते. ॲस्पिरिनच्या वर्गातील औषधे, ज्यांचे मुख्य कार्य सुजलेल्या ऊतींत चालते, ती मात्र येथे फारशी प्रभावी दिसत नाहीत. याचा अर्थ ॲस्पिरिनने दुखणे थांबत नाही असा नव्हे. या कसोटीने विचारलेला प्रश्नच निराळा आहे.

याच्या उलट दोष दुसऱ्या लोकप्रिय कसोटीत आहे. उंदराच्या उदरात सौम्य ॲसिटिक आम्ल टोचून त्याला येणारे पिळे मोजतात. ही कसोटी अतिशय संवेदनक्षम आहे, परंतु तिला निवड करता येत नाही. स्नायू शिथिल करणारी औषधे आणि ॲलर्जीवरील काही औषधेसुद्धा पिळ्यांची संख्या कमी करतात, आणि ती वेदनाशामके ठरतात. तीच गोष्ट गुंगी आणणाऱ्या द्रव्यांची. गुंगीने जड झालेला उंदीर तापलेल्या पट्टिकेवरून उशिरा उडी मारतो, आणि नोंदवहीत त्याची वेदना कमी झाल्याचे लिहिले जाते. ही फसगत टाळण्यासाठी फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल टिकतो की नाही हे पाहण्याची सोपी कसोटी १९५७ पासून उपलब्ध आहे. जेथे ती घेतलेली नाही, तेथे 'वेदनाशामक' हा शब्द वापरण्यापूर्वी थांबणे इष्ट होय.

आणि या सर्वांपलीकडची गोष्ट अशी की, पंजाला बसलेला क्षणिक चटका आणि वीस वर्षे विड्या वळून जडलेले मानेचे दुखणे या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. दीर्घकालीन वेदनेच्या अभ्यासासाठी प्राण्यांतील निराळ्या पद्धती आहेत. सांध्यात आठवडेच्या आठवडे शोथ राहील अशी योजना करून, किंवा १९८८ साली बेनेट आणि शिये यांनी वर्णिल्याप्रमाणे मज्जातंतूवर सैल गाठी बांधून, तो अभ्यास करता येतो. त्यांस वेळ लागतो, कौशल्य लागते आणि प्राण्यांच्या यातनांचा प्रश्नही तेथे अधिक तीव्र होतो. विद्यार्थी तप्त पट्टिका निवडतो ती एका सत्रात काम उरकते म्हणून. ही अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल त्यास दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो भावनेसह येणाऱ्या अनुभवाची व्याख्या पहिल्या पानावर देऊन शेवटच्या पानावर सेकंदांनाच वेदना म्हणण्यात.

प्राण्यांत यशस्वी ठरलेले मनुष्यांत अयशस्वी ठरू शकते, याचे मोठे उदाहरण औषधशास्त्राच्या अलीकडील इतिहासात आहे. 'पदार्थ-पी' या नावाने ओळखले जाणारे द्रव्य ऑयलर आणि गॅडम यांनी १९३१ साली शोधले, आणि वेदनेच्या संदेशवहनात त्याचा वाटा असल्याचे पुढे आढळले. त्याचे कार्य रोखणारी द्रव्ये प्राण्यांत वेदना कमी करीत. परंतु रुग्णांत त्यांनी निराशा केली. त्या वर्गातील ॲप्रेपिटंट हे औषध अखेर २००३ साली अमेरिकेत मान्य झाले ते कर्करोगावरील उपचारांत होणाऱ्या वांत्या थांबविण्यासाठी. बलाढ्य कंपन्यांची ही स्थिती असेल, तर सहा उंदरांवरून 'नवे औषध' जाहीर करण्यात किती साहस आहे हे निराळे सांगावयास नको.

४

दुसरा मुद्दा परंपरेचा. निर्गुडीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल, कारण हे झुडूप महाराष्ट्रात ओढ्याकाठी सर्वत्र आढळते आणि दुखऱ्या सांध्यांवर तिचा उपयोग घरोघरी माहीत आहे. हा उपयोग नेमका कसा होतो? पाला गरम करून गुडघ्यावर बांधतात, पाला घालून उकळलेल्या पाण्याचा शेक घेतात, किंवा निर्गुडीचे तेल चोळतात. म्हणजे उपचार मुख्यतः बाह्य आहे, आणि त्यात ऊब, चोळणे व विश्रांती यांचाही वाटा आहे.

प्रयोगशाळेत मात्र या पाल्याचा मद्यार्कातील अर्क नळीने उंदराच्या पोटात घातला जातो. या प्रयोगातून काही मोलाचे ज्ञान मिळणार नाही असे नव्हे. निर्गुडीतील द्रव्ये पोटातून दिली असता काय करतात, हा स्वतंत्र व चांगला प्रश्न आहे. परंतु त्याच्या उत्तराने घरगुती शेक सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही. मद्यार्कात जे विरघळते ते उकळत्या पाण्यात किंवा तेलात तसेच्या तसे उतरत नाही. त्वचेवरून जे आत जाते ते पोटातून जाणाऱ्याशी सारखे नसते. 'परंपरेने मानलेला उपयोग सिद्ध झाला' हे वाक्य अशा वेळी परंपरेचाही सन्मान करीत नाही, कारण परंपरेने जे म्हटले ते त्यात ऐकलेलेच नसते.

येथेच मात्रेचा हिशेब करून पाहावा. उंदराची मात्रा मनुष्याच्या मात्रेत रूपांतरित करताना शरीराच्या पृष्ठभागाचे प्रमाण लक्षात घेऊन साधारणतः १२.३ ने भागण्याची रीत आहे. त्या रीतीने किलोग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम म्हणजे मनुष्यास किलोग्रॅममागे सुमारे ३२.५ मिलिग्रॅम, अर्थात ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस सुमारे २ ग्रॅम अर्क होतो. शंभर ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर एका मात्रेस २० ग्रॅम वाळलेला पाला लागेल. ही मात्रा अशक्य नाही, पण ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावयाची झाल्यास यकृत व मूत्रपिंड यांचे काय होईल, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. चार ओळींचा हा हिशेब प्रबंधात असता, तर 'अधिक संशोधन' म्हणजे कोणते, हे आपोआप स्पष्ट झाले असते.

५

तिसरा मुद्दा संख्येचा. सहा-सहांचे गट करण्याची रूढी इतकी पक्की आहे की, सहाच का, असे विचारणे उद्धटपणाचे वाटावे. परंतु संख्याशास्त्राचा सामान्य हिशेब सांगतो की, दोन गटांत सहा-सहा प्राणी असतील, तर त्यांच्या सरासरींतील फरक प्रमाण विचलनाच्या पावणेदोन पटीच्या आसपास असेल तेव्हाच तो भरवशाने पकडता येतो. आणि तरीही पाचांत एकदा तो निसटण्याचा संभव राहतो. प्रमाण विचलनाइतकाच फरक पकडावयाचा असेल, तर प्रत्येक गटात सोळा-सतरा प्राणी लागतील. म्हणजे सहांच्या गटात मध्यम परिणाम दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येत नाही, आणि एखादा मोठा परिणाम दिसला, तर तो योगायोगाने फुगलेला असण्याची शंका राहते.

१९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये असे प्रयोग नियंत्रणाखाली आलेले आहेत आणि संस्थेतील प्राणी-नीती समितीची संमती घ्यावी लागते. प्राण्यांची संख्या कमी ठेवावी हा या नियंत्रणाचा रास्त आग्रह आहे. पण ज्या प्रयोगातून कोणताच निर्णय निघू शकत नाही, त्यात खर्ची पडलेले तीस उंदीर हे थोडे नव्हेत, व्यर्थ होत. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, मोजणाऱ्यास गट कळू देऊ नये, किती प्राणी का घेतले हे लिहावे, मध्येच वगळलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी, ही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या व २०२० साली सुधारलेल्या 'अराइव्ह' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतील अपेक्षा आहे. यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाही. गट लपविण्यासाठी एक सहाध्यायी आणि काही क्रमांकित बाटल्या एवढीच सामग्री पुरते.

६

येथवरची टीका वाचून, विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. बी. फार्म.चा प्रकल्प एका सत्राचा, एम. फार्म.चे संशोधन साधारण वर्षभराचे. साधने मर्यादित, मार्गदर्शकावर अध्यापनाचा भार. प्रबंधाचा हेतू शिक्षण हा आहे, शोध हा नव्हे, असाही युक्तिवाद केला जातो. तो निम्मा मान्य करावयास हवा. परंतु औषधशास्त्राचा इतिहास पाहता विद्यार्थी आणि शोध यांचे इतके वाकडे नाही, असे दिसते.

विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी १८५६ सालच्या ईस्टरच्या सुटीत लंडन येथे आपल्या घरातील प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन झाले नाही. हाती आला तो जांभळा रंग, आणि त्यातून डांबरापासूनच्या रंगांचा उद्योग जन्मास आला. सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या शहरास या हकिकतीचा उत्तरार्ध विशेष वाटावा. ज्या ॲनिलिनपासून रंग होत, त्याच कुळातील ॲसिटॅनिलाइड हे द्रव्य १८८६ साली स्ट्रासबूर्ग येथे काह्न आणि हेप यांच्या रुग्णास दुसऱ्या औषधाऐवजी चुकून दिले गेले आणि ताप उतरला. ते ताप व वेदना यांवर वापरात आले, परंतु त्याने रक्तास अपाय होई. हे का होते, हा प्रश्न १९४८ साली बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी सोडविला. शरीरात या द्रव्याचे एक रूपांतर वेदना शमविते आणि दुसरे अपाय करते, असे त्यांना आढळले. वेदना शमविणारे ते रूपांतर म्हणजे आज घरोघरी असलेले पॅरासिटामॉल. त्या वेळी ॲक्सेलरॉड यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. ती १९५५ साली मिळाली आणि १९७० साली नोबेल पारितोषिक. त्यांनी नवे द्रव्य निर्माण केले नव्हते. जुन्या औषधाचे शरीरात काय होते, एवढेच विचारले होते.

तिसरे उदाहरण जे मॅक्लीन याचे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाचा हा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्याकडे रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करीत होता. यकृतापासून काढलेला एक अर्क रक्त गोठविण्याऐवजी गोठू देत नाही, असे त्यास दिसले. अपेक्षेच्या नेमके उलट आलेले हे फळ त्याने टाकून दिले नाही. १९१६ साली ते प्रसिद्ध केले. हेपॅरिनचा उगम तेथे आहे. आपल्या रूढ साच्यात मॅक्लीनच्या निरीक्षणास कोणते प्रकरण मिळाले असते, याचा विचार करण्याजोगा आहे. 'लक्षणीय परिणाम नाही' अथवा 'उलट परिणाम' असा निष्कर्ष असलेला प्रबंध येथे क्वचितच वाचावयास मिळतो, आणि सर्व वनस्पती गुणकारीच निघतात. ज्या परीक्षेत सर्वच उत्तीर्ण होतात तिच्याविषयी शिक्षकास जी शंका यावी, तीच येथे वाचकास येते.

वनस्पतीकडून औषधाकडे जाणारी वाट आपल्याच देशात एकदा पूर्ण चालून झालेली आहे. सर्पगंधेच्या मुळाने रक्तदाब उतरतो व मन शांत होते, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदविले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरील अनुभव पद्धतशीर मांडून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली बाझेल येथे रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य हाती आले. पुढे मनाच्या खिन्नतेसारखे दोष लक्षात आल्यावर व अधिक सुसह्य औषधे मिळाल्यावर त्याचा वापर मागे पडला. या वाटेवरील प्रत्येकाने आपला टप्पा ओळखला होता. कोणी निरीक्षण केले, कोणी द्रव्य वेगळे केले, कोणी रुग्ण तपासले. पहिल्या टप्प्यावरील माणसाने शेवटच्या टप्प्याचा दावा केला नाही.

७

तेव्हा सोलापूरच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने काय करावे? त्याने नव्या औषधाची आशा सोडावी, असे सुचवावयाचे नाही. वेदनेवरील नवे औषध किती दुर्मीळ असते, हे ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मान्य झालेल्या सुझेट्रिजीनवरून दिसते. अफूवर्गात न मोडणाऱ्या आणि नव्या मार्गाने कार्य करणाऱ्या या वेदनाशामकालाही मान्यता मिळाली ती अल्पकालीन वेदनेपुरतीच. दीर्घकालीन दुखण्याचा प्रश्न अद्याप उभाच आहे, आणि त्यात काम करण्यास वाव आहे. मागणे एवढेच की, प्रश्न हाती असलेल्या साधनांच्या मापाचा असावा आणि उत्तर प्रश्नाच्या मापाचे.

असे प्रश्न या परिसरात विपुल आहेत. डाळिंब हे सोलापूरचे पीक; राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच आहे. डाळिंबाच्या खोडा-मुळांच्या सालीतील पेलेटिएरिन हे अल्कलॉइड एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तांरे यांनी वेगळे केले, आणि पट्टकृमींवर ते अनेक वर्षे वापरले गेले. नंतर अधिक सुरक्षित कृत्रिम औषधांनी त्याची जागा घेतली. कोणत्या जातीच्या, कोणत्या ऋतूतील सालीत कोणते द्रव्य किती असते, हे काळजीपूर्वक मोजणारा प्रबंध 'नवे औषध' देणार नाही, पण पुढच्या प्रत्येक अभ्यासकास पाया देईल. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या गोळीतील औषध महिन्याने किती उरते, हा प्रश्न एका सत्रात सुटण्याजोगा आहे. निर्गुडीच्या तेलाच्या लेपाने सुजलेल्या पंजाचा शोथ उतरतो काय, आणि नुसत्या तेलाने तो तितकाच उतरतो काय, हेही तसेच.

नवा उपचार म्हणजे नेहमी नवे द्रव्य नव्हे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांत रक्तदाबावरील प्राझोसिन हे आधीच उपलब्ध असलेले औषध वापरले आणि कोकणातील मृत्यू कमी करण्याचा मार्ग दाखविला. १९८६ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी त्याविषयी लिहिले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर, नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनसह प्रतिविष यांची तुलना ७० रुग्णांत चिठ्ठ्या टाकून करण्यात आली, आणि ती २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिविषासह उपचार केलेले रुग्ण लवकर सावरले. स्वतःच्याच उपचारास दुसऱ्याची जोड हवी काय, असे विचारून उत्तर छापणे, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रबंधाच्या साच्यात तीन बदल केले तरी पुष्कळ साधेल. शीर्षकात 'नवे औषध' किंवा 'उपयोगाची सिद्धता' यांऐवजी प्रत्यक्ष विचारलेला प्रश्न लिहावा. जे फळ नकारार्थी आले त्यास होकारार्थी फळाइतकीच जागा द्यावी, आणि गुणांत कपात होणार नाही याची हमी परीक्षकांनी द्यावी. शेवटी, इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधास दोन पानांचा मराठी सारांश जोडावा. ज्या विडी कामगार स्त्रीच्या दुखण्याच्या नावाने प्रस्तावना लिहिली गेली, तिला किंवा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला तो वाचता आला पाहिजे. दोन पानांत साध्या मराठीत सांगावयाचे म्हटले की, कोणी मोजले, किती प्राण्यांत मोजले आणि त्यावरून माणसाविषयी काय म्हणता येत नाही, हे लपविणे कठीण जाते. आणि कपाटातील असे सारांश चाळणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्यास, जो अर्क कुचकामी ठरला आहे त्यासाठी पुन्हा तीस उंदीर मारावे लागणार नाहीत.